तोंडी लावायला

प्रिय मह्या,

जयभीम. अक्षर बघून ओळखलंच असशील. शाळेत माझा 'ळ' बघून बाई विचारायच्या, वाल्मिक, हे अक्षर आहे का जिलबी, आणि तू मागच्या बाकावरून ओरडायचास, बाई, जिलबीच हाय, त्याला भूक लागलीय. आता हसू नकोस. नाहीतर हस, डोळ्यांनी हस. ते तुला अजून जमतं, मी बघितलंय. पत्र बित्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. राहात्याच्या पेरू मार्केटात टेम्पो भरायला लावलाय, आमचा ड्रायवर छगनमामा हमालांशी भांडतोय, आणि मी केबिनमध्ये पाय वर घेऊन पेरूच्या पेटीवर कागद ठेवून लिहितोय. मध्येच हात हलला तर समज की कुणीतरी मागून पेट्या चढवतोय.

फोन केला असता, पण तुझा फोन बंद. तुझी प्रज्ञाताई म्हणाली, तू तो बंद करून कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलास. ग्रुपमधूनही निघालास. आता ग्रुपमध्ये मी आणि चाकणच्या कंपनीतला सचिन, दोघंच. दोघांचा कसला ग्रुप रे. सचिननं परवा एक व्हिडिओ टाकला, मी हसायचं चित्र टाकलं, त्यानं अंगठा टाकला. दोन म्हातारे देवळात एकमेकांना नमस्कार करतात तसं वाटलं. आणि ताईनं दुसरंही सांगितलं. तुझ्या नाकातली नळी निसटून आली, आणि ती तू परत घालू देत नाहीस. चमच्यानं पाणी घेतोस, त्यातलं निम्मं गळ्यावर सांडतं. डॉक्टर म्हणाले असं फार दिवस चालणार नाही, तरी तू भिंतीकडे तोंड करून पडतोस. आई पाया पडली तरी नाही. ताई फोनवर रडत नव्हती, पण शब्द मोजून मोजून टाकत होती. म्हणाली, वाल्मिक, तू सांग त्याला, तुझं ऐकतो तो. मी म्हटलं, बघतो. त्यानंतर टेम्पो कोल्हारवरून कितीदा गेला आला. पुलावरून तुझ्या घराचा निळा पत्रा दिसतो. मी उतरलो नाही. का नाही, ते मला एकदम सांगता येणार नाही, सांगत सांगत येतो.

आधी आपल्या भेळभत्त्याची गोष्ट. आमची ऊसतोडीची कोपी तेव्हा तुमच्या वस्तीच्या मागच्या उसाला लागून होती. आईबाप फडात, मी दिवसभर उंडारत. शाळेत नाव होतं, मी कधीमधीच असायचो. तुझी आई मला हाक मारून भाकरी द्यायची, आणि भाकरीवर तोंडी लावायला काही नसलं की म्हणायची, आज नुसत्या गप्पाच तोंडी लावा. ते तू धरून ठेवलंस. पुढं तुला पहिला फोन आला, त्याची काच फुटलेली, आणि आपण पुलाच्या कठड्यावर कागदात कुरमुऱ्या-शेवेचा भत्ता घेऊन बसायचो, कांदा हातानं फोडायचा, मिरची दातानं तोडायची, आणि तू एक एक व्हिडिओ काढायचास. तुझा नियम होता, व्हिडिओ नुसता बघायचा नाही. आधी घास तोंडात, मग व्हिडिओ. हे तोंडी लावणं आहे, नुसतं खाल्लं तर बाधतं. सचिनला एकदा घरी बसून एकट्यानं बघताना पकडलंस तर त्याला म्हणालास, अरे हावरटा, नुसतंच लोणचं खातोस व्हय. त्या कोंबड्याचा व्हिडिओ आठवतो? मालकाच्या सायकलच्या हँडलवर बसून यायचा, आणि आपलं घर आलं की सायकल थांबायच्या आधीच उतरायचा, कंडक्टरसारखा. सचिनच्या नाकातून शेव आली होती तेव्हा. ग्रुपचं नाव तूच ठेवलंस, 'तोंडी लावायला'. सचिनच्या बायकोला आधी ते काही भलतंच वाटलं होतं.

आणि तो मावा. तुझ्या ऑपरेशनच्या आधी, गाठ नुकती हाताला लागत होती तेव्हा, तू व्हिडिओ टाकलास, 'मावा घरच्या घरी, अगदी मऊ'. आपल्याला वाटलं, आपण खातो तसल्या पुड्या घोटणारा कुणी भेटला. तंबाखू, सुपारी, चुना सगळं मापात दाखवणार. उघडला तर पुण्याची कुणी बाई, ओठाला लाली, कढईत दूध आटवतेय. खवा! ती म्हणते, असा छान गोळा झाला पाहिजे. तू खाली लिहिलंस, माझा तर झालाच हाय, गालात. आम्ही हसलो. मला त्यावर आता हसू येत नाही, पण तेव्हा आलं होतं, आणि तुलाही आलं होतं, म्हणून लिहितो. ऑपरेशननंतर तुझ्या छातीचं कातडं काढून गालाला लावलं, तर शुद्धीवर आल्यावर तू पहिल्यांदा काय लिहून दाखवलंस? 'आता छाती ठोकून बोलता यायचं न्हाई, गाल ठोकून बोलतो.' वॉर्डातली सिस्टर पाठ फिरवून हसत होती. तुझी आई मात्र बाहेर जाऊन बसली.

त्यानंतरची युक्तीही तुझीच. जबडा गेला, दात गेले, नाकातून नळी आली, आणि तू रात्रंदिवस खाण्याचे व्हिडिओ बघायला लागलास. आईला वाटायचं पोरगं जिवाला लावून घेतंय, फोन काढून घ्या. पण तू मला मेसेज केलास, 'वाल्म्या, तू तसाबी गावोगाव हिंडतो. मी शोधतो, तू खा, आन मला सांग.' मला हे काम नोकरीपेक्षा बरं वाटलं. तू सुप्याच्या पलीकडच्या वड्याचा व्हिडिओ पाठवला, मी उतरून खाल्ला, तुला बोलून पाठवलं की वडा बरा आहे पण पाव कालचा, आणि चटणीत लसूण नाही, नुसता रंग. तू लगेच विचारलंस, रंग कसला, तांबडा का भगवा. मी कोपरगावची जिलबी खाल्ली. मी राहुरीच्या अलीकडं एका म्हातारबाची कुल्फी खाल्ली, तो कुल्फी देताना काडी हातात देत नाही, म्हणतो आधी तोंड पुढं कर. तुला ते इतकं आवडलं की तू ते परत परत बोलून पाठवायला लावलंस. कधी कधी मला वाटायचं, मी खातो तेव्हा मला नाही, तुलाच चव लागते. मला फक्त पोट भरल्याचं कळायचं.

मग तुझा शेवटचा व्हिडिओ आला, पिंपळगावच्या शेंगोळ्यांचा. चुलीवर पातेलं, एक बाई हुलग्याच्या पिठाच्या वळ्या हातावर वळतेय, अंगठ्याएवढ्या, आणि उकळत्या रश्श्यात सोडतेय. तोंड दिसत नाही, नुसते हात. खाली लिहिलंय, पिंपळगाव. तू लिहिलंस, 'हे शेवटचं. हे सापडलं तर सांग.' मी तेव्हा शेवटचं म्हणजे आजचं शेवटचं समजलो. दुसऱ्या दिवशी तू ग्रुप सोडलास.

आता पिंपळगाव कुठलं? आपल्या जिल्ह्यात दगड मारला तर तो एखाद्या पिंपळगावात पडतो. मी आधी नगरजवळच्या पिंपळगावात गेलो. तिथं कुणी शेंगोळ्याचं हॉटेल ऐकलं नव्हतं, पण एका माणसानं मला मतदारयादीच्या कामावरचा समजून अर्धा तास बसवून घेतलं आणि पाणी येत नसल्याचं गाऱ्हाणं सांगितलं. दुसऱ्या पिंपळगावात मिसळ होती. ती वेगळीच आहे असं छगनमामा म्हणाला, त्यानंच खाल्ली. मामा मला म्हणाला, तुझा दोस्त तुला रानभैरी करतोय, तुझ्याऐवजी त्यालाच घेऊन का न्हाई हिंडत? मी म्हटलं, तो उठत नाही. मामा म्हणाला, मग तू तरी एका जागी बस. मला कुठं बसता येतं, तुला माहीतच आहे. आईबाप यंदा कोल्हापूरकडच्या कारखान्याला गेलेत, घराला कुलूप आहे, मला टेम्पोच बरा.

सापडलं ते शेवटी पारनेरकडच्या पिंपळगावात. कांदा भरायला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर, बाहेर दोन बाजा, आणि तेच हात, मी हात ओळखले. बाईचं नाव भागूबाई. नाव भागूबाई, पण कुणाच्या बापाला भिणारी नाही. मी व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, व्हय, माझाच हाय, पण त्यात माझा हात लई काळा आलाय, आन नातवानं माझं तोंड कापलं. तो व्हिडिओ फिरला तेव्हा पुण्याच्या गाड्या यायच्या म्हणे. पोरी शेंगोळ्याचा फोटो काढायच्या, दोन घास खायच्या आणि बाकीचं ठेवून जायच्या. बाईला ताट तसंच परत आलेलं चालत नाही. एकीला तिनं सुनावलं, बये, ह्ये फोटूला घातलं न्हाई, पोटाला घातलंय. त्याचाही व्हिडिओ झाला, मग गाड्या बंद झाल्या. मला तिनं विचारलं, तू कशापाई शोधीत आला, तू तर फोटू काढीत न्हाई. मी तुझं सांगितलं. सगळं नाही, जबड्यापर्यंत सांगितलं. ती वळ्या वळत राहिली. मग म्हणाली, हुलगा अंगात बळ धरतो. बाळंतिणीला देतात, घोड्याला देतात. त्याला माडगं कर म्हणावं, पातळ, गाळून घेतलेलं. नळीतनं जाईल.

तर ऐक, शेंगोळे कसे होते. रस्सा पातळ, वर तेलाचा तवंग नाही, लसूण ठेचून टाकलेला, कापलेला नाही. वळी बाहेरून मऊ आणि मध्ये थोडी कच्च्यासारखी, पण कच्ची नाही. दातात धरली की आधी पिठाची, मग मातीची, मग शेवटी किंचित तुरट अशी चव येते. चुलीचा धूर रश्श्यात उतरलेला. सोबत बाजरीची भाकरी, ती रश्श्यात कुस्करून खायची, आणि हिरवी मिरची तव्यावर भाजून मीठ लावलेली. हे सगळं छगनमामाचं सांगणं आहे. त्याला मी एक एक घासाला विचारत होतो आणि तो वैतागून म्हणाला, अरं गिळू तर दे, पोलीस जबाब घेतल्यासारखा काय विचारतो! मी फक्त रस्सा प्यालो, वाटी तोंडाला लावून, गार करून. मामा म्हणाला, हा काय खातो? ह्याचं आता लेकराचं खाणं झालंय. केळं, चहात बुडवलेला पाव, दूधभात. मिरची बघितली तरी ह्याच्या डोळ्याला पाणी. भागूबाईनं माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग रस्सा आणखी वाढला, आणि यावेळी तिखट न घातलेला.

निघताना तिनं हुलग्याचं पीठ बांधून दिलं. हे पत्र आणि ते पीठ मी कोल्हारच्या स्टँडवर चहावाल्याकडं ठेवतोय, ताई घेऊन येईल. मला माहीत आहे तू काय म्हणशील. तू मागंच लिहिलं होतंस, 'नळीतनं सगळं सारखंच. पेज काय आन बासुंदी काय. पोटाला एवढंच कळतं, गरम हाय का गार.' त्यावर मी काय लिहायचं? खोटं लिहायचं का, की चव परत येईल? मी डॉक्टर नाही, आणि डॉक्टरांनीही तुला तसं काही सांगितलेलं नाही. लाईटच्या शेकाचं, त्या रेडिएशनचं, उरलेलं घे म्हणाले, त्यानंतर बघू म्हणाले. 'बघू' म्हणजे काय ते आपल्याला कळतं. बाजार समितीतला कारकूनही 'बघू' म्हणतो.

एक सांगायचं राहिलं. माझ्या फोनमध्ये बरेच व्हिडिओ साठलेत. एक गाढव आहे, वीटभट्टीवरचं. मुकादमानं शिव्या दिल्या की ते ओठ वर करून सगळे दात दाखवतं आणि मुकादमाला वाटतं हसतंय, तो आणखी शिव्या देतो. एक परदेशातला माणूस आपला ठेचा खाऊन आधी 'गुड' म्हणतो, मग उठून जातो आणि मागं नुसता नळाचा आवाज येत राहतो. तुला ते लई आवडेल. कुणाला दाखवू? मामा म्हणतो, त्यात काय हसण्यासारखं, गाढवाला दात असतातच. मी बघतो आणि बंद करतो. तोंडात घास नसताना बघितलं की खरंच बाधतं, तू म्हणायचास ते खरं होतं. आणि घास... ते असू दे. पेट्या भरत आल्या. आता सांगतोच, नाहीतर हे असंच पाल्हाळ चालायचं.

राहात्याला मार्केटात ड्रायवर-हमालांसाठी दवाखान्यानं तपासणीचा मांडव टाकला होता. फुकट चष्मे मिळतात म्हणून मामा मला ओढून घेऊन गेला. एक नवी डॉक्टरीण होती, आपल्याच वयाची. ती सगळ्यांना म्हणायची, तोंड उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी आत घाला. हमाल हसत होते, एकमेकांच्या तोंडात बोटं घालायला बघत होते. मामाची तीन गेली, वर जागा राहिली. माझी दोन जाईनात, मह्या. एक गेलं आणि दुसरं दाताला अडलं. मी म्हटलं, बाई, माझी बोटंच जाड आहेत. ती हसली नाही. तिनं बॅटरी लावून आत बघितलं, मग मोठ्या डॉक्टरला हाक मारली, त्यानंही बघितलं, गालाच्या आत बोटानं दाबलं, तिथं बरेच दिवस एक बरा न होणारा फोड आहे, तिथंच. तुकडा काढून तपासावा लागेल म्हणाले, नगरला, तू गेलास त्याच ठिकाणी. मी हो म्हटलं आणि टेम्पोत येऊन बसलो. कुणाला सांगितलं नाही. आईला फडात फोन करून काय सांगू. कोल्हारला उतरत नाही ते याच्यामुळं. तू मला एकदा बघितलंस की तुला कळेल, तुझ्यासमोर मी जांभई जरी दिली तरी. ताई म्हणते, त्याला सांग, नळी घालून घे. मी ते कोणत्या तोंडानं सांगू? आणि बरं होशील, होऊ, असं काही मी लिहिणार नाही, मला तसं वाटत नाही. मला एवढंच वाटतं की तिथं मला एकट्याला जायचं नाही. कुठल्या खिडकीला उभं राहायचं, नाव पुकारलं की कुठल्या जिन्यानं जायचं, आत काय करतात, किती दुखतं, हे तुला माहीत आहे. तू सोबत चल. उठून नगरपर्यंत यायला तुझ्या अंगात थोडं बळ लागेल, आणि ते चमच्यानं येणार नाही, म्हणून म्हणतो. माझ्यासाठी म्हणतो, तुझ्यासाठी नाही. नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही. मंगळवारी टेम्पो मला फाट्यावर सोडेल, मी घरी येतो. आईला बाहेर पाठव. मी जेवढं उघडतं तेवढं उघडतो, तू बघ. दवाखान्यातल्या परक्या माणसांनी बघितलं, ते बघितल्यासारखं मला वाटतच नाही.

तुझाच,
वाल्म्या